साडेतीन वर्षांच्या मुलीला शब्दांतले आवाज ओळखायला घरी कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की बालवाडीतून 'सारख्या आवाजाने सुरू होणारी चित्रं ओळखा' असे कागद येतात, मुलीला ते जमत नाहीत, तर घरी सराव कसा घ्यावा. सरावाचं नंतर बोलू. आधी तो कागद नीट बघा, चूक कागदाची असू शकते.

आमच्या मुलीला असाच एक कागद मिळाला होता. वर चाकाचं चित्र, खाली चिमणी, चांदणी आणि मासा. तिने फक्त चांदणीला गोल केला. बाईंनी चिमणीवर लाल फुली मारली आणि खाली शेरा लिहिला, 'आवाज ओळखता येत नाही.' माझं डोकंच फिरलं. तुम्ही आत्ता मोठ्याने म्हणून बघा: चाक, चांदणी, चिमणी. पहिल्या दोन शब्दांत जिभेचं टोक दातांच्या मुळाशी जातं, चिमणी म्हणताना जीभ टाळूला लागते. आवाज दोन आहेत, लिहायला अक्षर एकच. पोरीला अजून च लिहिता येत नव्हता, म्हणून तिने कानावर जे पडलं ते सांगितलं. बाईंना लिहिता येत होता, म्हणून त्यांना फरक ऐकूच आला नाही.

माझी मोठी बहीण स्वतः लहान मुलांना शिकवते. वाटलं, ती तरी आपली बाजू घेईल. तर ताई म्हणाली, "अरे, च म्हणजे च. कशाला पोरीचा गोंधळ करतोस?" गोंधळ पोरीचा नव्हताच. मी फोनवर दोन्ही शब्द रेकॉर्ड केले, सुरुवातीचा तुकडा तेवढा कापून ताईला ऐकवला. ऐकून म्हणते, "हो, वेगळे वाटतात, पण पुढे शाळेत एकच धरतात." एवढ्याशा मुलांचं पुढचं शाळेत बघून घेतील की! जेवणं उरकेपर्यंत आमचं हेच चाललं होतं आणि शेवटी आईने दोघांनाही गप्प केलं.

टाळ्यांच्या खेळातही तोच प्रकार. शब्दाचे तुकडे पाडून टाळ्या वाजवायच्या हा खेळ चांगला आहे, पण 'घर'ला किती टाळ्या? ताईच्या वर्गात दोन, कारण अक्षरं दोन. बोलताना आपण 'घर्' म्हणतो, शेवटचा अ कागदावर असतो, तोंडात नसतो. म्हणजे टाळी एकच. 'कमळ'च्या दोन, क-मळ. मुलाने दोन वाजवल्या आणि तुम्ही 'नाही, तीन' म्हणालात, तर तुम्ही त्याला स्वतःच्या कानावर विश्वास ठेवू नकोस एवढंच शिकवलंत.

आता वयाचं. १९७४ साली अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी मुलांना शब्दाच्या तुकड्यांनुसार टेबलावर ठोके द्यायला सांगितलं होतं. चार वर्षांच्या साधारण निम्म्या मुलांना अवयव, म्हणजे 'पा-णी'सारखे तुकडे मोजता आले. सुटे ध्वनी, म्हणजे प्, आ, ण्, ई असे, त्या वयात एकालाही मोजता आले नाहीत. तेव्हा साडेतीन वर्षांच्या मुलीला 'पहिला आवाज कोणता' हे सांगता आलं नाही तर काहीही बिघडलेलं नाही. तुमचा निम्मा प्रश्न इथेच मिटतो.

घरी कागद-पेन्सिल काढू नका. यमकाची गाणी म्हणा आणि शेवटचा शब्द तिच्यासाठी सोडा. तुम्ही 'पा' म्हणून थांबा, 'णी' तिला म्हणू द्या. मग उलटं करा, तुकडे तुम्ही द्या, शब्द तिने जुळवायचा. तीन शब्द सांगून वेगळा ओळखायला लावा: माळ, टाळ, फूल. पहिल्या आवाजाकडे याल तेव्हा म, न, स, श, ल यांपासून सुरू करा, कारण ते लांबवता येतात: म्म्म्मासा, स्स्स्ससा. क, ट, प लांबवता येत नाहीत, मग आपण त्यांना अ चिकटवतो आणि मुलीला 'क' ऐकू येतो, 'क्' नाही. चित्रं वापरायची तर च, ज, झ ची नकोतच. दिवसातून पाच मिनिटं पुरे, कंटाळली की थांबा.

'आधी अक्षरं शिकवा' हा ताईचा मुद्दा मात्र मला पुरता खोडता येत नाही. १९७९ साली पोर्तुगालमधल्या एका अभ्यासात कधीच वाचायला न शिकलेल्या प्रौढांना शब्दातला पहिला ध्वनी काढून टाकणं जमलं नाही, मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना जमलं. म्हणजे सुट्या ध्वनींची जाण बरीचशी वाचनासोबतच येते. त्यातही आपल्या लिपीत अक्षर म्हणजे बहुधा व्यंजन आणि स्वर एकत्र. कन्नड लिपीही तशीच, आणि कन्नड मुलांवरच्या सोनाली नाग यांच्या २००७ च्या अभ्यासात सुट्या ध्वनींची जाण अवयवांच्या मानाने सावकाश येताना दिसली. हे ऐकल्यावर ताई म्हणणार, "बघ, आधी अक्षरं!" पण डेन्मार्कमध्ये शाळेआधीच्या वर्षात अक्षरांशिवाय नुसते ध्वनींचे खेळ घेतले, तर पुढे ती मुलं वाचनात आणि शुद्धलेखनात सरस ठरली, हे १९८८ मध्ये छापून आलंय. ती मुलं सहा वर्षांची होती, हेही सांगायला हवं, नाहीतर ताई पकडेल. मुलीने स्वतःहून आपल्या नावाचं अक्षर विचारलं तर जरूर दाखवा. विचारलं नाही तर मागे लागू नका.

आणि हो, काही बोलींत च चे दोन आवाज माझ्यासारखे वेगळे नसतील, तेव्हा तुमच्या घरात कसं बोलतात तेच धरा. मुलगी 'र' ऐवजी 'ल' म्हणत असेल तर तो वेगळा विषय. म्हणता न येणारा आवाज मुलांना बऱ्याचदा नीट ऐकू येत असतो. फक्त यमकही अजिबात लक्षात येत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल किंवा सर्दीत कान वारंवार भरत असतील, तर खेळबिळ राहू द्या, आधी कानाच्या डॉक्टरांकडून ऐकू येण्याची तपासणी करून घ्या.