यंत्रसल्ला : दुपारी रेंगाळणारा हार्वेस्टर

प्रश्न : आमच्या गटाने भातकापणीसाठी जुना, ट्रॅकवर चालणारा कंबाइन हार्वेस्टर घेतला आहे. सकाळी जोरात चालतो, पण दुपारी ओल्या खाचरात लिव्हर पूर्ण पुढे केला तरी रेंगाळतो. इंजिनाचा आवाज बदलत नाही. मेकॅनिक म्हणतो, अख्खी एचएसटी (तेलाच्या दाबाने ट्रॅक फिरवणारी पंप-मोटरची जोडी) बदला.
– एक वाचक, राजापूर

उत्तर : एवढ्यात खर्चात पडू नका. इंजिन आणि मळणीचा ड्रम दुपारीही सकाळच्याच वेगाने फिरत असतील, तर ताकद ट्रॅकपर्यंत जाताना वाटेत हरवते आहे.

आधी एचएसटीच्या पुलीवरचा पट्टा बघा. पुलीच्या खोबणीचा तळ चकाकत असेल तर पट्टा झिजून खाली बसला आहे. ताण वाढवून उपयोग नाही, नवीनच घाला.

पट्टा ठीक असेल तर संशय तेलावर. थंड असताना जोर आणि तापल्यावर ढिलाई, म्हणजे पातळ झालेले तेल पंप-मोटरच्या आतल्या आत गळते आहे. ऑइल कूलरच्या जाळीत तूस आणि पेंढ्याचा चुरा बसतो, दमट हवेत तो घट्ट चिकटतो. रोज आतून बाहेर हवा मारा. तेलाची पातळी सपाट जागेवर, मशीन बंद असताना तपासा. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे: परतीच्या पावसाचे, नाहीतर धुताना ब्रीदरवर (टाकीत हवा आत-बाहेर सोडणाऱ्या टोपीवर) मारलेले. असे तेल पूर्ण काढा, फिल्टर बदला आणि पुस्तिकेतल्याच ग्रेडचे नवे भरा. जुना फिल्टर कापून बघा. पितळी चुरा निघाला तर मेकॅनिकचे म्हणणे खरे असू शकते. तरीही तेल तापलेले असताना चार्ज पंपाचा (मुख्य पंपाला तेल पुरवणाऱ्या छोट्या पंपाचा) दाब गेज लावून मोजल्याशिवाय होकार देऊ नका.

चालवण्याची सवयही बदला. ट्रॅक रुतल्यावर लिव्हर पुढे दाबून धरला की जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. लिव्हर न्यूट्रलला घ्या, मशीन थांबल्यावर लो गिअर टाका आणि सावकाश निघा.

प्रश्न : उचललेला कटरबार (पीक कापणारा पुढचा भाग) उभ्या मशीनवर हळूहळू खाली येतो. धोका आहे का?
– एक वाचक, रोहा

उत्तर : आहे. सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. लोखंडी टेकू लावल्याशिवाय खाली हात घालू नका. नळीची गळती पुठ्ठा धरून शोधा, बोटाने कधीच नाही. दाबाखालचे तेल कातडीत घुसले तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक रुग्णालय गाठा.