पुण्याच्या पेठेत कुठल्याही बोळातून कुठेही निघता येतं, मग वाकड-वाघोलीसारख्या नव्या उपनगरांत भिंतीपलीकडे जायला दोन किलोमीटर का? शहर वाढलं की असं होतंच का?

तुम्ही लिहिलंय की बाल्कनीतून मागचं किराणा दुकान दिसतं, पण तिथे जायला गेटमधून बाहेर पडून सगळा वळसा घालावा लागतो. दोन किलोमीटर हा आकडा फुगवलेला नाही. 100 एकरांची चौरस टाउनशिप धरा. तिची बाजू येते साधारण 636 मीटर. गेट एकच, पुढच्या बाजूला मधोमध. तुम्ही अगदी मागच्या भिंतीला लागून राहता. गेटपर्यंत 636 मीटर, मग बाहेरून अर्धा घेर म्हणजे आणखी 1270. झाले की 1.9 किलोमीटर, आणि दुकान भिंतीपलीकडे दहा पावलांवर! उभ्या-आडव्या रस्त्यांची नीट जाळी असेल तर एका चौकातून दुसऱ्या चौकात जायला कितीही वाईट झालं तरी सरळ अंतराच्या 1.41 पटीहून जास्त चालावं लागत नाही.

मी लेआउट, म्हणजे प्लॉट आणि रस्त्यांचे नकाशे, मंजूर करण्याच्या कामात आहे, त्यामुळे हे रोज नकाशावर बघतो. माझं उत्तर असं की शहर वाढल्यामुळे हे होत नाही. आधी रस्ता आखला की आधी प्लॉट पाडले, यावर सगळं ठरतं.

पेठांचे मुख्य रस्ते बहुतेक उत्तर-दक्षिण, त्यांना जोडणाऱ्या आडव्या गल्ल्या, आणि त्यातून उरलेल्या जागी बोळ. पेठा काही कुणी पट्टी घेऊन आखल्या नव्हत्या, पण घर बांधणाऱ्याला दार रस्त्यावरच उघडायचं होतं, रस्ता अडवायचा नव्हता. वाडे पडले, तिथे पाच-पाच मजली इमारती आल्या, बोळ मात्र जागच्या जागी आहेत. नंतर 1915 चा मुंबई नगररचना कायदा आला. त्यात टीपी स्कीमची (नगररचना योजनेची) सोय होती: सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, आधी रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, मग उरलेल्यातून प्रत्येकाला नीट आकाराचा प्लॉट परत द्यायचा. डेक्कन जिमखान्याची बाजू त्या काळातली. प्रभात रोडवर ‘गल्ली नंबर अमुक’ एवढ्यावर पत्ता सापडतो, तो रस्ते आधी आखले गेले म्हणूनच.

मग बिघडलं कुठे? 1966 च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्यात टीपी स्कीम होतीच, पण आपल्याकडे ती हळूहळू मागे पडली आणि सगळी भिस्त डीपीवर, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यावर आली. डीपीत मोठे रस्ते दाखवलेले असतात. मधल्या गल्ल्या ज्याच्या त्याच्या लेआउटवर सोडलेल्या. त्यातही गावं शहरात आली ती टप्प्याटप्प्याने, 1997, 2017, 2021, आणि दर वेळी बांधकाम पुढे, डीपी मागे. 1997 च्या गावांचा आराखडा तर वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी मंजूर होत राहिला. तोवर लोक थांबतात थोडेच?

आता जमिनीवर काय होतं ते बघा. वाटणी करताना प्रत्येक भावाला रस्त्याचं तोंड हवं असतं, म्हणून शेताचे लांबट पट्टे पडतात. बिल्डर किंवा गुंठेवारीवाला (गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकणारा) त्यातला एक पट्टा घेतो. मधोमध रस्ता, दोन्ही बाजूंना प्लॉट, रस्ता मागच्या बांधाला जाऊन संपला. शेजारच्या पट्ट्याचा मालक वेगळा, वर्ष वेगळं, रस्ता तसाच. असे आठ-दहा पट्टे झाले की मुख्य रस्त्याला कंगव्याच्या दात्यांसारख्या बंद गल्ल्या लागतात आणि त्या एकमेकींना कुठेच मिळत नाहीत. मंजूर नकाशात कधीकधी रस्ता हद्दीपर्यंत नेलेला असतो, म्हणजे शेजाऱ्याचा लेआउट आला की जोडता यावा. प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघावं तर तिथे भिंत, वर काचा रोवलेल्या, आणि भिंतीला टेकून जनरेटरची शेड. ही भिंत पाडायचा विषय सोसायटीच्या एजीएममध्ये काढून बघाच एकदा.

लोकांचंही चूक नाही म्हणा. बंद गल्लीत मुलं खेळतात, परकी गाडी घुसत नाही. त्याची किंमत बाहेरच्या रस्त्यावर वसूल होते. दूध आणायची स्कूटर, शाळेची बस आणि हिंजवडीला जाणारी कार, तिन्ही एकाच सिग्नलला. मग रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा. पर्यायी वाट मात्र एकही वाढत नाही.

पुण्यात टेकड्या आहेत, मुळा-मुठा आहेत, लष्कराची मोठी हद्द आहे, तिथे रस्ता थांबणारच. पण वाघोलीच्या सपाट शेतात कुठली टेकडी आडवी आली?

स्प्रॉल, म्हणजे शहराचं अस्ताव्यस्त पसरणं, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतली बंगल्यांची उपनगरं येतात, आणि आपल्याकडे तर बावीस मजली टॉवर आहेत, मग स्प्रॉल कसला, असा प्रतिवाद होतो. दाटी आणि जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी जगभरातल्या रस्त्यांच्या नकाशांवरून 2020 मध्ये मांडलं की 1975 पासून नवे रस्ते एकूणात कमी जोडलेले होत गेले. ते मोजतात ते बंद टोकं किती, तिठे किती, चौक किती आणि वळसा किती पडतो. मजल्यांचा तिथे प्रश्नच येत नाही. त्यांच्याच आधीच्या अभ्यासात अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या मध्यानंतर नवे रस्ते पुन्हा जोडले जाऊ लागल्याचं दिसलं होतं. म्हणजे कल उलटतो, फक्त आधी बांधून झालेला भाग तसाच राहतो.

जवळचं उदाहरण अहमदाबाद. गुजरातने टीपी स्कीम सोडली नाही, त्यामुळे तिथे शहराच्या कडेच्या शेतातही रस्त्यांची जाळी आधी पडते आणि इमारती मागून येतात. वाद आणि दिरंगाई तिथेही आहे, पण गल्ली गल्लीला मिळते. आपल्याकडे पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) हिंजवडीजवळच्या म्हाळुंगे-माणला टीपी स्कीमचा हा प्रकार पुन्हा हाती घेतलाय.

तुमच्या सोसायटीपुरतं बोलायचं तर गाडीचा रस्ता विसरा. मागच्या भिंतीत चार फुटांचं दार आणि तिथे एक वॉचमन, एवढ्याने तुमचे दोन किलोमीटर वाचतात. पलीकडची जागा सार्वजनिक रस्ता आहे की कुणाची खासगी, ते आधी मोजणी नकाशावर बघून घ्या. आणि पुढचा फ्लॅट घेताना ब्रोशरमधल्या ‘प्रस्तावित रस्त्या’वर जाऊ नका. गट नंबर घेऊन झोन दाखला (जमीन कुठल्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि डीपीचा भाग नकाशा काढा, तो रस्ता डीपीतला आहे का बघा, आणि असेल तर जमीन पालिकेच्या ताब्यात आली का हे पालिकेत विचारा.