डोअर पॅड फुगलंय? आधी पाणी कुठनं येतंय ते बघा

प्रश्न : नमस्कार काका. माझ्याकडं जुनी मारुती ८०० आहे, वडिलांनी घेतलेली, विकायची अजिबात इच्छा नाही. चारी दाराची आतली पॅडं खालच्या बाजूनं फुगलीत, रेक्झिन सुटून लोंबायला लागलंय, ड्रायव्हरच्या बाजूचं पॅड तर दार आपटलं की क्लिपातनं बाहेर येतं. मागं हार्डबोर्ड आहे, तो हाताला ओला लागतो. आमच्याकडं पाऊस किती ते तुम्हाला माहीतच आहे. इथला कुशनवाला म्हणतो नुसतं नवीन रेक्झिन मारून देतो. मारू का? की घरीच काही करता येईल?
– एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : नुसतं रेक्झिन मारू नका, पुढच्या पावसाळ्यात परत हेच होणार. बोर्ड ओला लागतोय म्हणजे दाराच्या आतलं पाणी पॅडापर्यंत पोचतंय, आणि ते थांबवल्याशिवाय वर काहीही चिकटवलं तरी टिकायचं नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की दारात पाणी शिरणं हाच बिघाड आहे, तसं नाही. काचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतनं थोडं पाणी आत जातंच, कंपनीनं ते धरूनच दार बनवलेलं असतं. ते काचेवरनं ओघळत खाली येतं आणि दाराच्या तळाला जी बारीक भोकं असतात तिथनं बाहेर पडतं. मधे पत्र्यावर एक प्लॅस्टिक कागद चिकटवलेला असतो, पॅडाला पाणी लागू नये म्हणून. आता होतं काय, कुणीतरी काच दुरुस्त करायला नाहीतर स्पीकर बसवायला दार उघडतो, तो कागद फाडतो आणि तसाच टाकून देतो, वरनं पॅड दाबून बसवलं की दिसत नाही. आणि तुमच्या भागातली लाल माती आणि पालापाचोळा खालच्या भोकात जाऊन बसतो, मग पाणी दारातच साठतं, बोर्ड ते खालनं शोषून घेतो, आणि पत्रा आतनं गंजायला लागतो ते वेगळंच. माझं तर म्हणणं आहे की पॅडापेक्षा त्या पत्र्याची काळजी जास्त करा, पॅड नवीन बनवता येतं.

तर आधी पॅड काढा. काच पूर्ण वर घ्या आणि हँडल कुठल्या दिशेला आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. काच फिरवायच्या हँडलच्या मागं सी आकाराची स्प्रिंग क्लिप असते, हँडल आणि पॅडच्या मधे सुती कापडाची पट्टी घालून बूट पुसल्यासारखी इकडं-तिकडं ओढली की ती क्लिप निसटते, उडून कुठं जाते बघा नाहीतर शोधत बसाल. मग आर्मरेस्टचे स्क्रू, दार उघडायच्या लिव्हरची कव्हर पट्टी, आणि शेवटी कडेच्या क्लिपा. स्क्रूड्रायव्हर डायरेक्ट घालू नका, रुंद पट्टी घ्या, क्लिपच्या अगदी शेजारी घालून उचला. मधेच ओढलं तर क्लिप तशीच राहते आणि बोर्डाचं भोक फाटतं. जुन्या क्लिपा बहुतेक तुटणारच, नवीन आधीच आणून ठेवा.

पॅड निघालं की तळाची भोकं तारेनं साफ करा, गंज असेल तर ब्रशनं घासून प्रायमर मारा. मग दार उघडं ठेवून तांब्याभर पाणी बाहेरनं काचेवर ओता आणि आत बघा, खालनं सरळ बाहेर पडतंय ना. हे दिसल्याशिवाय पुढं जाऊ नका.

नंतर जाड प्लॅस्टिक कागद पूर्ण दारावर लावा, ब्युटाइल टेपनं (रबरासारखी मऊ चिकट पट्टी). खालची कड दाराच्या आत गेली पाहिजे, म्हणजे कागदावरनं ओघळलेलं पाणी परत दारातच पडेल. ही कड बाहेर राहिली तर सगळी मेहनत वाया. आंबट वासाचं सिलिकॉन वापरू नका, ते उघड्या पत्र्याला गंज आणतं.

आता बोर्ड. नुसता थोडा फुगला असेल आणि नखानं खरवडून भुगा पडत नसेल तर दोन सपाट फळ्यांत दाबून पूर्ण वाळवा. पण खालचा भाग मऊ झाला असेल तर नवीन कापा, अर्धवट ठिगळ लावू नका. साधारण ३ मिमीचा हार्डबोर्ड किंवा चांगला मरीन प्लाय चालतो, जुन्याएवढीच जाडी ठेवा, जाड घेतला तर क्लिपा पत्र्यापर्यंत पोचत नाहीत. खालची कड कुजून गेली असेल तर पलीकडच्या बाजूच्या त्याच दाराचं पॅड उलटं ठेवून माप घ्या. भोकं सगळी पाडून झाली की मगच दोन्ही बाजूंना आणि सगळ्या कडांना ऑइल पेंट किंवा व्हार्निशचे दोन हात द्या, भोकांच्या आतल्या कडांनासुद्धा, कारण बोर्ड पाणी पितो तो कडेनं. दोन-तीन दिवस सुकू द्या, मग हलका पॉलिश पेपर मारा.

रेक्झिन चिकटवायला पांढरा फेविकॉल नको, ओल आणि मे महिन्यातली गरमी दोन्ही त्याला सोसत नाही. कुशनवाले वापरतात तो पिवळसर रबरी सोल्युशन घ्या. बोर्डाला लावा, रेक्झिनच्या मागच्या फोमला लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा आणि मग मधनं कडेकडं दाबत न्या. एकदा टेकलं की हलवता येत नाही म्हणून दुसऱ्या माणसाला धरायला बोलवा. रेक्झिन चारी बाजूंनी इंचभर मागं वळवा, गोलाईला कात्रीनं बारीक काप द्या. काम हवेशीर जागेत करा, वास डोक्यात जातो.

तुमच्या कुशनवाल्यालाही काम द्या की, शिवण आणि गोलाई त्याला छान जमेल, फक्त बोर्ड आणि प्लॅस्टिक कागद तुम्ही स्वतः उभं राहून बसवून घ्या.

प्रश्न : आमच्याकडं पाऊस कमी, ऊन जास्त. गाडीच्या दाराचं वरचं प्लॅस्टिक तडकलंय. चमकवायचं पॉलिश मारून तडा भरेल का?
– एक वाचक, अथणी

उत्तर : नाही भरणार. उलट सिलिकॉनवालं पॉलिश एकदा मारलं की त्यावर गोंदही धरत नाही आणि रंगही. आधी पॅड काढून मागच्या बाजूला प्लॅस्टिकचा कुठला प्रकार छापलाय ते बघा. एबीएस (ABS) लिहिलं असेल तर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, चांगलं धरतं, मागनं खरवडून बारीक जाळी ठेवून लावा. पीपी (PP) लिहिलं असेल तर इपॉक्सी सुटून येतं, त्याला प्लॅस्टिक वेल्डिंगच करावं लागतं. पुढनं तडा थोडा दिसणारच, नको असेल तर वर पातळ रेक्झिन चढवा. आणि गाडी सावलीत लावा, जमत नसेल तर काचेला आतनं पडदा तरी घाला.

प्रश्न : भंगारातनं मारुती ८०० ची जुनी पॅडं मिळतायत. घ्यावीत का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : घ्या, पण गाडीचं साल विचारून. १९८३ ची पहिली बॉडी आणि १९८६ नंतर आलेली बॉडी वेगळी आहे, पॅडं एकमेकांना बसत नाहीत. आणि पुढनं किती चकचकीत दिसतंय ते राहू दे, उलटं करून खालची कड नखानं दाबून बघा, मऊ लागली तर तिथंच ठेवून या.