आजारपण काढणाऱ्यांवर माहितीपट करायचाय

तुझं पत्र वाचलं. मास कम्युनिकेशनचं शेवटचं वर्ष, घरात अंथरुणाला खिळलेली, बरंचसं विसरत चाललेली आजी, तिचं सगळं करणारी आई आणि दिवसपाळीला येणाऱ्या मावशी. या दोघींवर माहितीपट करायचा म्हणतेस. कॅमेरा कोणता घेऊ आणि यात करिअर होईल का, असे तुझे दोन प्रश्न आहेत. बाबा म्हणतात, घरातलं दुखणं चव्हाट्यावर कशाला मांडायचं? ते तू तक्रार म्हणून लिहिलंयस. मला मात्र तोच पत्रातला सगळ्यात कळीचा प्रश्न वाटला, म्हणून आधी तो घेते.

फ्रेडरिक वाइजमन हा वकिलीचं शिक्षण घेतलेला अमेरिकन दिग्दर्शक. 1967 मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या मनोरुग्ण कैद्यांच्या सरकारी रुग्णालयावर ‘टिटिकट फॉलीज’ हा माहितीपट केला. रुग्णांचे हाल त्यात उघड दिसतात. त्यांच्या खासगीपणाचा मुद्दा काढून सरकार कोर्टात गेलं आणि सर्वसामान्य प्रेक्षकांना तो दाखवण्यावरची बंदी थेट 1991 मध्ये उठली. सरकारला रुग्णांची अब्रू जपायची होती की स्वतःची, यावर खूप वाद झाला. पण ज्याला आपलं चित्रीकरण होतंय हेच नीट उमगत नाही, त्याच्या वतीने ‘हो’ कोण म्हणणार, हा प्रश्न काही सुटला नाही. तुझ्या घरी तो रोज सकाळी नव्याने उभा राहणार आहे. कागदावर सही आई करेल. तरीही आजीने कॅमेऱ्याकडे बघून तोंड फिरवलं, तर त्या दिवशी शूटिंग बंद.

अंघोळ, डायपर, ड्रेसिंग चालू असताना कॅमेरा आजीच्या अंगावर नको, करणाऱ्या हातांवर ठेव. कूस बदलताना एक हात खांद्यामागे जातो, एक कमरेखाली. मग चादरीची सुरकुती तळहाताने सपाट केली जाते, कारण तीच पुढे कातडीला काचते. बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून हे साधारण दर दोन तासांनी करावं लागतं, रात्रीसुद्धा. अलार्म कुणाच्या उशाशी असतो? बाबा त्या वेळी काय करतात, याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही. तुझा माहितीपट तिथे आहे, असं मला वाटतं.

आता मावशी. त्यांची मुलाखत तुमच्या घरात अजिबात घेऊ नकोस. ज्या घरातून पगार मिळतो, त्याच घरातली मुलगी कॅमेरा घेऊन समोर बसली, तर त्या ‘सगळे चांगले आहेत’ एवढंच म्हणणार. रजा मागितली की काय होतं, उचलून उचलून कंबर किती धरते, थकल्यावर टेकायला जागा मिळते का, हे त्या तिथे कशाला बोलतील? घरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोतर्फे आल्या असतील, तर काम जाण्याची भीती आणखी वाढते. म्हणून भेट ड्युटी संपल्यावर, त्या म्हणतील तिथे. त्यांचा वेळ मोडतो, त्याची भरपाई द्यावी असं माझं मत आहे, काही दिग्दर्शकांना ते पटत नाही. रफ कट, म्हणजे माहितीपटाची पहिली कच्ची जुळणी, मात्र त्यांना आधी दाखव आणि एखादं वाक्य काढा म्हणाल्या, तर कुरकुर न करता काढ.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला. घरात पगारावर शुश्रूषा करणारेही त्यात येतात आणि आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी हा त्यांचा हक्क त्यात लिहिला आहे. पाळला किती जातो, हे मावशींनाच विचार. तुझ्या आईला तर कागदावरही अशी सुट्टी नाही. एकाच पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या या दोघींची ही तुलना मला फार मोलाची वाटते.

आईला ‘कसं वाटतं?’ असं मोघम विचारू नकोस. स्टीव्हन झरिट यांची 22 प्रश्नांची प्रश्नावली मिळवून वाच. शुश्रूषा करणाऱ्यावर किती भार पडतो, हे ती मोजते. स्वतःसाठी वेळ न उरणं, आजारी माणसाचा राग येणं, हे त्यात सरळ विचारलं आहे. आई त्या रागाबद्दल बोलू लागली तर ऐकणारी तू तिची मुलगी असशील. ते झेपणार नसेल, तर ती एक मुलाखत मैत्रिणीला घ्यायला सांग. त्यात कमीपणा नाही.

कॅमेऱ्याचं म्हणशील, तर हातातला फोन पुरे. पैसे कॉलर माइकवर घाल, कारण एअरबेडच्या पंपाची घरघर सतत ऐकू येते आणि तिच्यात आईचा हळू आवाज बुडेल. कुणी बोलत नसताना खोलीचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करून ठेव, एडिटिंगमध्ये सांधे लपवायला तोच लागतो. शूटिंग सुरू करण्याआधी काही दिवस कॅमेऱ्याशिवाय शेजारी बसून कामाचा क्रम वहीत लिहून काढ.

करिअरबद्दल स्पष्टच सांगते. नुसत्या माहितीपटांवर घर चालवणारे थोडे. बहुतेक जण एडिटिंग, साउंड, संशोधन किंवा संस्थांसाठीच्या प्रशिक्षण-फिल्म करून पोट भरतात आणि जोडीला स्वतःचा विषय वर्षानुवर्षं धरून ठेवतात. म्हणून एडिटिंग इतकं पक्कं शिक की त्यावर नोकरी मिळावी. मोठ्या दिग्दर्शकाकडे मदतनीस म्हणून जाशील, तेव्हा तुझी पदवी नाही, हा वीसेक मिनिटांचा माहितीपट बघितला जाईल. विषयाचा एक पानी आराखडा लिहिलास की मला पाठव. मुलाखतींचे प्रश्नही सोबत जोड, वाचून कळवते.