ठाण्यात बोलावलंय, पण नोटीस दिली का?

अंबाजोगाई तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. गावातल्या मारामारीचा व्हिडिओ त्यांच्या मोबाइलवर आला होता. जमादारांनी मोबाइल ठेवून घेतला, कागद काही दिला नाही. आता व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्या हजर राहा' असा मेसेज येतो आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवतात. ६४ वर्षांच्या वडिलांनाही बोलावलंय. नाही गेलं तर चालेल का?

भाऊ, नुसतं घरी बसून राहू नका. आजच ठाणेदारांच्या नावे अर्ज द्या: मी चौकशीला तयार आहे, मला कोणत्या गुन्ह्यात, साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून बोलावता, त्याची लेखी नोटीस द्यावी. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत पोलीस अधीक्षक, बीड यांना.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, साक्षीदाराला कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो, संशयिताला कलम ३५(३) ची नोटीस. या नोटिसा व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण ३५(३) ची नोटीस रीतसर हाती पडली, तर तारीख चुकवू नका. ती पाळलीत तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. चुकवलीत तर तेच अटकेचं निमित्त होतं. वडील साक्षीदार असतील, तर साठी ओलांडलेल्या माणसाला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. म्हाताऱ्या माणसाला बाकावर ताटकळत ठेवणं मला तरी सहन होत नाही. वडिलांचं वय आणि हा नियम अर्जात ठळक लिहा, सोबत त्यांच्या आधारची झेरॉक्स जोडा.

मोबाइलचं प्रकरण जास्त गंभीर आहे. जप्त केला असेल तर जप्ती पंचनामा हवा, कलम १०५ प्रमाणे त्याचं चित्रीकरण हवं आणि कलम १०६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायला हवं. पंचनाम्याची प्रत मागा. मग अंबाजोगाई कोर्टात मोबाइल सुपूर्दनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन, अशा हमीपत्रावर) परत मिळण्यासाठी अर्ज करा, खरेदीची पावती आणि आयएमईआय क्रमांक जोडा. सरकारी वकील 'तपासाला लागतो' असा से, म्हणजे लेखी म्हणणं, देतील. त्यासाठी 'डेटाची प्रत काढून मोबाइल परत द्यावा' ही मागणी अर्जातच घाला.

तोवर त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढून घ्या, पीकविम्याचा नि बँकेचा ओटीपी अडू नये. मात्र दुरून मोबाइलमधलं काही पुसायला जाऊ नका, पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येईल.