पाळी लांबवली होती, आता चान्स घ्यायचाय

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गौरी-गणपतीत पाळी नको म्हणून गोळ्या घेतल्यास आणि आता लगेच चान्स घ्यावा का, असं विचारतेस. गोळ्या संपून पाळी येऊन गेली असेल तर जरूर घ्या. दोन-तीन महिने 'औषध अंगातून जाऊ दे' म्हणून थांबायची काही गरज नाही.

त्या बहुधा नोरएथिस्टेरॉनच्या असणार: ५ मिलिग्रॅमची एक, दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून. एरवी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) उतरलं की गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि पाळी येते. ही गोळी प्रोजेस्टेरॉनसारखं काम करून ते अस्तर धरून ठेवते. बंद केली की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. त्या पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहून ठेव. पुढचं स्त्रीबीज थोडं मागेपुढे सुटू शकतं, म्हणून दिवस राहिले तर सातव्या ते बाराव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घे. तारीख पक्की होते.

मला खरी काळजी पुढच्या सणाची आहे. चान्स घेत असताना पुन्हा पूजा आली, पुन्हा गोळ्या आणल्या, असं फार होतं. या गोळ्यांनी गर्भ राहायचा थांबत नाही. पाळीच्या तीन दिवस आधी गर्भ नुकताच रुजत असतो, त्यामुळे प्रेग्नन्सी किटवर एकच रेघ दिसली तरी भरवसा नाही. वर गोळ्या चालू असताना पाळी थांबलीय ती गोळीने की दिवस राहिल्याने, हेही कळत नाही. म्हणून या महिन्यांत गोळी घ्यायचीच नाही. सासूबाईंना सांगायला अवघड वाटत असेल तर नवऱ्याने सांगावं, ते त्याचंही काम आहे.

चुकून घेतली गेलीच तर लगेच बंद कर आणि कोणत्या तारखांना किती घेतल्या ते डॉक्टरांना सांग. मोठे डोस बरेच आठवडे दिले गेले तेव्हा मुलीच्या गर्भाच्या बाह्य जननेंद्रियांवर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत. चार-पाच दिवसांच्या गोळ्यांनी तो धोका फारच कमी. एवढ्यासाठी गर्भ पाडायचं कारण नाही. घाबरून दुकानातून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या तर मुळीच आणू नकोस.

बंद केल्यावर आठवडाभरात पाळी आली नाही, तर सकाळच्या पहिल्या लघवीवर किट करून बघ. एकच रेघ आली तर आठवड्याने पुन्हा.

फॉलिक ॲसिड आजच सुरू कर, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो. मधुमेह किंवा फिट्सचं औषध चालू असेल तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टर ठरवतील.

तुझ्या मैत्रिणीने घेतलंय ते 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन मात्र वेगळं. ते थांबवल्यावर दिवस राहायला, शेवटच्या इंजेक्शनपासून मोजून, सात ते दहा महिने लागू शकतात. तिला हे आधीच सांग, म्हणजे ती उगीच धास्तावणार नाही.

तुझी,
डॉक्टरमावशी