१७०० ला ५०० ने भागताना शून्ये छाटली, तर बाकी २ धरायची की २००?

बाकी २०० हीच बरोबर आहे; दोन्ही संख्यांमधली दोन-दोन शून्ये छाटून १७ ला ५ ने भागल्यास भागाकार ३ हा बरोबरच येतो, पण उरलेले २ हे सुटे एकक नसून दोन शतक असतात. शून्ये छाटणे म्हणजे भाज्य आणि भाजक या दोघांनाही १०० ने भागणे. त्यामुळे गट किती पडतात हे बदलत नाही, मात्र मोजणी शतकांत होऊ लागते आणि बाकीही शतकांतच मिळते. १७०० रुपयांतून पाचशेच्या तीन नोटा बाजूला काढल्या, की शंभराच्या दोन नोटा उरतात, दोन रुपये नव्हेत. पडताळा नेहमीच्या सूत्राने घ्यावा: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. ५०० × ३ + २०० = १७०० हे जुळते; बाकी २ धरली तर १५०२ होतात. बाकी भाजकापेक्षा लहान आहे एवढेच पाहून मुले पुष्कळदा थांबतात आणि २ ही संख्या ५०० पेक्षा लहान असल्यामुळे चूक नजरेतून सुटते, म्हणून गुणाकार आणि बेरीज करून पाहण्याचा कंटाळा करू नये. उत्तर दशांशात किंवा अपूर्णांकात हवे असेल, तर मात्र शून्ये निर्धास्तपणे छाटावीत, कारण १७००/५०० आणि १७/५ या दोन्हींची किंमत ३.४ हीच आहे. छाटलेली शून्ये परत जोडण्याची गरज फक्त बाकी लिहितानाच पडते.